धोटा आडवा पळतो: इंजिनिअरांवरची बालगीतं लिहिताना

हिप्परगाकाठ | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची. सिव्हिल इंजिनिअर, पंधरा वर्षं पाणीपुरवठ्याच्या कामात गेली. गेल्या दिवाळीपासून चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी यमकातली छोटी पुस्तकं लिहायला घेतली आहेत. एका पुस्तकात एकच काम आणि ते करणारा इंजिनिअर. माग, धरण, पूल, रेल्वे, गाडीचं इंजिन, सध्या एवढी पाच डोक्यात आहेत.

सुरुवात कशी झाली ते सांगते. पूर्व भागात आम्ही काही जणी दर रविवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवतो. तिथे एकदा विचारलं, मोठेपणी कोण होणार? डॉक्टर, पोलीस, टीचर, ड्रायव्हर. "इंजिनिअर कुणालाच नाही का व्हायचं?" यावर एक मुलगा म्हणाला, "ते काय करतात?" मी तोंड उघडलं आणि मला त्याला कळेल असं एक वाक्य सुचेना. डॉक्टर सुई टोचतो, टीचर फळ्यावर लिहिते. इंजिनिअर? त्याचं काम झालं की तो दिसत नाही, नळ दिसतो. त्याच रात्री लिहायला बसले.

पहिलं गाणं अर्थातच मागाचं. चादरीच्या गावात दुसरं कुठलं असणार?

खटखट खटखट माग चालतो,
खालीवर तो धोटा,
आज्जीच्या या चादरीवरी
मोर केवढा मोठा!

(धोटा म्हणजे मागात आडवा धागा घेऊन जाणारा लाकडी तुकडा.) चाल छान बसली. मुलं टाळ्या देऊन म्हणू लागली. तिसऱ्यांदा म्हणताना पुढे बसलेली सात-आठ वर्षांची मुलगी गप्प. तिला जवळ घेऊन विचारलं. तिने दोन्ही हातांची बोटं एकमेकांसमोर धरली, एका हाताची वर, दुसऱ्याची खाली, आणि मधल्या फटीतून पेन्सिल सरकवली. "मावशी, धोटा असा आडवा पळतो बे. खालीवर तर दोरे होतेत." तिचे वडील यंत्रमागावर आहेत. ती रोज दुपारी त्यांना डबा द्यायला जाते.

मला खरंच लाज वाटली. 'खालीवर' शब्द मी मात्रांत बसतो म्हणून घातला होता. मागाजवळ उभी राहून पाहिलं असतं तर असं लिहिलंच नसतं. घरी आल्यावर बदललं (ताणा म्हणजे ते उभे दोरे):

ताणा होतो खालीवर अन्
पळतो मधुनी धोटा,
आज्जीच्या या चादरीवरी
मोर केवढा मोठा!

त्या दिवसापासून एक नियम केला आहे. यमकासाठी यंत्र चुकवायचं नाही. ओळ मोडली तरी चालेल. पण हा नियम पाळायला फार जड जातो आहे, म्हणून हा धागा. इथे मागवाले आहेत, रेल्वेतले आहेत, एमआयडीसीतले आहेत, शिक्षक आहेत. माझ्या ओळी तपासा. तुमच्या कामातली एखादी अशी गोष्ट सांगा, जी पाच वर्षांच्या मुलाला बोटांनी करून दाखवता येईल.

---

साखरपेठी | रविवार, रात्री १०:१५

ताई, त्या पोरीला माझ्याकडून एक शाबासकी द्या. आमच्या घरी चाळीस वर्षं माग होते, म्हणून सांगूलालो: धोटा सुधारलात, आता मोराकडे बघा. मोर कुठून आला हे गाण्यात नाही, आणि खरं इंजिनिअरिंग तिथेच आहे.

साध्या मागावर पट्टे आणि चौकटी निघतात. मोर, फुलं, मंदिर असलं काही काढायचं तर वर जेकार्ड लागतं. आमच्या लहानपणी मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरायची. प्रत्येक पत्त्याला भोकं. धोट्याच्या एका फेरीला एक पत्ता पुढे यायचा. जिथे भोक तिथली सुई आत जाते आणि तिचा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तर धागा खालीच. बस, एवढंच. हजारो वेळा 'हो' किंवा 'नाही', आणि त्यातून मोर. मी लहान असताना जुने पत्ते उन्हाला धरून भोकांतून मोर दिसतो का बघायचो. दिसत नसे.

फ्रान्सच्या जॅकार्डने हे १८०४ च्या सुमारास बसवलं. पुढे इंग्लंडात बॅबेजने आपल्या गणितयंत्रासाठी पत्त्यांची कल्पना इथूनच घेतली. म्हणजे सोलापूरच्या पोराने कंप्युटर बघण्याआधी त्याचा आजोबा बघितलेला असतो, घरातच. आता बऱ्याच ठिकाणी पत्ते गेले, इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आलं. पण मुलांना दाखवायला पत्ताच बरा. भोकात बोट घालता येतं.

---

हिप्परगाकाठ | रविवार, रात्री ११:०५

साखरपेठी, तुमचं वाचून झोप उडाली. हे बघा जमतंय का:

खटखट खटखट माग चालतो,
वरुन हुकुम ये कसला?
भोक दिसे तर धागा उठला,
नाही? धागा बसला!

मुलांना दोन रांगांत उभं करायचं. मी हातात भोकं पाडलेला पुठ्ठा धरणार. ज्याच्यासमोर भोक तो उभा, बाकीचे बसलेले. पुठ्ठा बदलला की नक्षी बदलली. 'उठला-बसला' मुलांना शाळेतून पाठच आहे.

---

बाराखडी | सोमवार, दुपारी २:२०

मधल्या सुट्टीत वाचलं. मी पहिली-दुसरीला शिकवते. आमच्या वर्गात मराठी घरी बोलणारी मुलं निम्मीसुद्धा नाहीत. तेलुगू, कन्नड, दखनी, आणि खेळताना सगळ्यांचं मिळून एक सोलापुरी. त्यामुळे दोन गोष्टी आवर्जून सांगते.

पहिली, आवाजाचे शब्द वाढवा. 'खटखट' प्रत्येक घरात खटखटच असतं. गाण्याची पहिली ओळ आवाजाने उघडली की घरची भाषा कुठलीही असो, मूल आत येतं. आणि तुम्हाला माहीत असेलच, पण माग हा शब्दही शेजाऱ्यांचाच आहे. कन्नडमध्ये मग्ग, तेलुगूत मग्गम. मी फळ्यावर माग, मग्ग, मग्गम असे तिन्ही लिहिले तेव्हा वर्गातल्या तीन कोपऱ्यांतून "आमचा, आमचा" झालं.

दुसरी गोष्ट जोडाक्षरांची. पहिलीच्या मुलाला 'यंत्र' वाचता येतं, 'ट्रान्सफॉर्मर' नाही. ऐकून म्हणायच्या गाण्यात मोठे शब्द खुशाल घ्या. मुलांना अवघड शब्द तोंडात घोळवायला आवडतात. पण तेच पान मूल स्वतः वाचणार असेल तर एका कडव्यात एकच अवघड शब्द ठेवा आणि त्याच्याशेजारी चित्र हवंच. आणि कृपा करून ओळीच्या शेवटी शब्द तोडून खाली नेऊ नका. बोट ठेवून वाचणारं मूल तिथेच अडतं.

---

कुर्डुवाडीकर | सोमवार, सायं. ६:५०

मी रेल्वेतून निवृत्त झालो. वडीलही कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये होते. धाग्यात रेल्वेचं नाव वाचलं आणि राहवलं नाही.

बार्शी लाईट रेल्वे मुलांच्या पुस्तकात यायलाच हवी. १८९७ साली कुर्डुवाडीकडून बार्शीला ही गाडी सुरू झाली. दोन रुळांमध्ये अंतर फक्त अडीच फूट. मोठ्या गाडीचं असतं साडेपाच फूट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने विचार केला की लहान गावांना मोठी रेल्वे परवडत नाही, तर गाडीच लहान करू. पण लहान म्हणजे दुबळी नव्हे. त्याने प्रत्येक आसावर भार सारखा वाटला, म्हणून हलक्या रुळांवरूनही पुष्कळ माल जाऊ शकला. ही 'भार वाटून घेण्याची' गोष्ट मुलांना सहज कळेल. एकाच पोराच्या पाठीवर सगळी दप्तरं दिली तर तो बसतो, एकेकाने एकेक घेतलं तर सगळे चालतात.

आपल्या सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनीही बांधकामाच्या धंद्यात पहिलं पाऊल टाकलं ते याच बार्शी लाईटच्या कंत्राटाने. पुढे त्यांच्या नावावर विमानाचा कारखाना, जहाजं, मोटारी आल्या. सुरुवात मात्र अडीच फुटांची.

मी एक कडवं करून पाहिलं. कवी नाही, सांभाळून घ्या.

बार्शीची ती छोटी गाडी,
रूळ जवळचे दोन,
अडिच फुटांचे अंतर त्यांचे
मोजुन ठेवी कोण?

---

बाराखडी | सोमवार, रात्री ८:०५

काका, कडवं गोड आहे, आणि शेवटी प्रश्न आहे हे तर फारच छान. पण 'दोन' आणि 'कोण' हे यमक वर्गात मला त्रास देईल. न आणि ण वेगळे हे मी वर्षभर घासून घेते. गाण्यात एकत्र बांधले की ते पक्के होतील, आणि चुकीचे पक्के होतील. 'कोन' घेता येईल का? 'मोजी त्यांचा कोन' वगैरे?

---

हिप्परगाकाठ | सोमवार, रात्री ९:३०

नाही हो, 'कोन' नको. यमक शुद्ध होईल, पण रूळ समांतर असतात. त्यांच्यात कोन मोजायची वेळ आली तर गाडी रुळावरून उतरलेली असेल. हीच ती जागा जिथे माझा पाय घसरतो. शब्द इतका चपखल दिसतो की खोटं आहे हे लक्षातच येत नाही.

काका, तुमची मूळ कल्पना ठेवून असं केलं तर?

बार्शीची ती छोटी गाडी,
रुळांत अंतर थोडे,
अडिच फुटांची पट्टी मोजी,
मगच इंजिन सोडे.

कोण मोजी, कोण सोडे, हे वाचून दाखवणाऱ्याने विचारायचं. चित्रात पट्टी घेऊन वाकलेली बाई.

---

कुर्डुवाडीकर | सोमवार, रात्री ९:५८

मंजूर. 'मगच इंजिन सोडे' वाचून वडील आठवले. आधी मोजमाप, मग हिरवा झेंडा.

---

गिअरबॉक्स | मंगळवार, सकाळी ७:१०

चिंचोळी एमआयडीसीत असतो, कॅमशाफ्टच्या कामात. आपल्या सोलापुरातले कॅमशाफ्ट जगभरच्या गाड्यांत फिरतात हे इथल्या किती मुलांना माहीत आहे? माझ्या स्वतःच्या पोराला माहीत नव्हतं. त्याला वाटायचं बाबा 'कंपनीत' जातात. कंपनी म्हणजे एक गेट.

त्याला समजवायला मी स्वयंपाकघरातली लाटणी आणि एक कांदा घेतला. लाटणीवर कांद्याची अर्धी फोड रबराने बांधली आणि लाटणी फिरवली. फोड वर आली की तिच्यावर टेकवलेला चमचा उचलला जातो, खाली गेली की चमचा पडतो. हाच कॅम. चमच्याच्या जागी झडप असते. झडप उघडली की हवा आत, बंद झाली की स्फोट, दुसरी उघडली की धूर बाहेर. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) दोन फेरे मारतो तेव्हा कॅमशाफ्ट एक मारतो. हा दोनास एकचा हिशोब चुकला की झडप आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात.

आणि एक विनंती, फार मनापासून. मुखपृष्ठावर एकमेकांत अडकलेली तीन दातेरी चाकं काढू नका. मुलांच्या पुस्तकांवर, शाळेच्या भिंतींवर, विज्ञान प्रदर्शनाच्या बॅनरवर सगळीकडे तेच चित्र. शेजारची दोन चाकं नेहमी उलट्या दिशेने फिरतात. त्रिकोणात तिन्ही एकमेकांना लागली तर तिसऱ्याने कुणाचं ऐकायचं? ते जाग्यावर अडकतं. तीन मुलांना हात धरून करून बघायला सांगा, लगेच कळतं.

---

हिप्परगाकाठ | मंगळवार, दुपारी १:४५

गिअरबॉक्सदादा, माझ्याकडे तयार असलेल्या कच्च्या मुखपृष्ठावर अगदी तीच तीन चाकं आहेत. चित्रकाराने काढली, मी पाहिली, 'छान' म्हटलं. आज फोन करून बदलायला सांगितलं. चार चाकांची साखळी करायची आणि प्रत्येकावर बाणाने दिशा दाखवायची असं ठरलं.

कांद्याची फोड थेट पुस्तकात घेते. कडवं:

क्रँक दोनदा फिरून येतो,
कॅम एकदा डुलतो,
झडप उघडते, हवा आत ये,
इंजिनराजा फुलतो!

---

गिअरबॉक्स | मंगळवार, दुपारी १:५२

दोनदा-एकदा बरोबर. डबा खाताना शेजारच्यांना म्हणून दाखवलं, मशीनवरची सगळी माणसं गोळा झाली.

---

होटगीरोड | मंगळवार, रात्री १०:३०

उपक्रम चांगलाच आहे. पण एक शंका स्पष्ट विचारतो. मागावरचा जॉबर, पाण्याचा चावीवाला, वर्कशॉपमधला फिटर यांना इंजिनिअरच्या पुस्तकात घ्यायचं का? इंजिनिअर होण्यासाठी चार वर्षं शिकावं लागतं, पॉलिटेक्निक केलं तर तीन. मुलांपुढे स्वप्न मोठं ठेवायला हवं. माझे वडील फिटर होते. मी डिग्री घ्यावी म्हणून त्यांनी रात्रपाळ्या केल्या. 'तेच आणि हेच एक' असं म्हटलं तर त्यांच्या कष्टांना अर्थ काय राहिला असं मला वाटतं.

---

हिप्परगाकाठ | बुधवार, सकाळी ६:१५

तुमचा प्रश्न रात्रभर मनात होता. उत्तर थोडं लांबेल.

दोन्ही कामं एक नाहीत, हे मला मान्य आहे. इंजिनिअर आधी ठरवतो. पाइप किती रुंद, भिंत किती जाड, पंप किती ताकदीचा, हे सगळं पाणी येण्याआधी कागदावर. जॉबर किंवा फिटर समोर चालू असलेल्या यंत्राचं ऐकतो आणि दुरुस्त करतो. पुस्तकात हा फरक मी स्पष्ट ठेवणार आहे, कारण तो खरा आहे.

पण मी नवीन लागले होते तेव्हाची गोष्ट. एका वस्तीत पाणी पोचेना. माझ्या नकाशाप्रमाणे दाब पुरेसा होता. मी दोन दिवस आकडेमोड तपासली. तिसऱ्या दिवशी चावीवाले काका म्हणाले, "मॅडम, जरा इकडं या." त्यांनी लोखंडी चावीचं एक टोक व्हॉल्व्हवर ठेवलं, दुसरं माझ्या कानाला लावलं. आतून घरघर येत होती. "हवा कोंडलीय." पाइपलाइनचा तो भाग उंचवट्यावरून जात होता आणि वर साठलेली हवा पाण्याला पुढे जाऊ देत नव्हती. तिथे एअर व्हॉल्व्ह हवा होता, माझ्या आधीच्या कुणीतरी नकाशात दाखवलेला, पण बसवलेला नव्हता. कागद माझा बरोबर होता, कान त्यांचा बरोबर होता.

मुलांना मी दोघंही दाखवणार. एका पानावर ताई नकाशा काढते, समोरच्या पानावर काका चावीला कान लावतात, आणि तिसऱ्या पानावर दोघं बोलतात. ज्या मुलीचे वडील फिटर आहेत तिला पुस्तकात आपले वडील आधी दिसले तर ती पुढचं पान उलटेल. तुमच्या वडिलांनी रात्रपाळ्या केल्या त्या तुम्ही पुढचं पान उलटावं म्हणूनच ना?

चावीवाल्यांचं कडवं:

चावीवाला आला आला,
चावी फिरवी गरगर,
पाइप पाइप पळते पाणी,
घागर भरली भरभर.

आमच्याकडे पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं. 'आला आला' ही ओळ शिकवावी लागली नाही.

---

होटगीरोड | बुधवार, सकाळी ८:४०

तिसरं पान ठेवा. वडिलांना वाचून दाखवेन.

---

मग्गम | बुधवार, रात्री ११:२०

माहेर पूर्व भागात, आता पुण्यात वीज क्षेत्रात इंजिनिअर आहे. लहानपणी आईबरोबर कांड्या, म्हणजे धोट्यातल्या दोऱ्याच्या नळ्या, भरल्या आहेत.

मराठीत एक अडचण आहे, ती कुणी काढली नाही म्हणून लिहिते. आपल्या क्रियापदाला लिंग चुकवता येत नाही. 'इंजिनिअर पूल बांधतो' म्हटलं की झाला तो पुरुष. 'अभियंता' तर पुल्लिंगीच. शाळेत अभियंता दिनाला, पंधरा सप्टेंबरला, विश्वेश्वरय्यांचा फोटो लागायचा. फेटा बांधलेले आजोबा. मला ते आवडायचे, पण ते मी नव्हते. मी इंजिनिअरिंगला गेले तेव्हा घरात कुणालाच बाई इंजिनिअर म्हणजे कशी दिसते हे माहीत नव्हतं.

फार उशिरा अय्यलसोमयाजुला ललिता यांच्याबद्दल वाचलं. तेलुगू घरातली मुलगी. लवकर लग्न झालं, अठराव्या वर्षी नवरा गेला, कडेवर काही महिन्यांची मुलगी. मद्रासच्या गिंडी कॉलेजातून १९४३ साली इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या. देशातल्या अगदी पहिल्या बाई इंजिनिअरांपैकी एक. वीज वाहून नेणाऱ्या तारांच्या कामात आयुष्य गेलं, भाक्रा-नांगलच्या लाइनवरही त्यांनी काम केलं. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला बाई इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिला त्या गेल्या होत्या. आमच्या गल्लीतल्या पोरींना हे सहाव्या वर्षी कळलं असतं तर!

म्हणून ताई, क्रियापद 'बांधते', 'मोजते', 'काढते' असं ठेवा. सगळ्या पुस्तकांत नाही जमलं तर निम्म्यांत.

---

हिप्परगाकाठ | गुरुवार, रात्री ९:००

मग्गम, तुमच्यासाठी पुलाचं कडवं आधी टाकते. 'अभियंता' या शब्दाला यमक शोधताना महिना गेला. चिंता, गुंता चालवून पाहिलं. मुलांच्या गाण्यात इंजिनिअरबरोबर चिंता कशाला? मग वर्गाच्या हजेरीतून शब्द मिळाला.

पूल कुणाचा, सांग बरे तू,
सांग जरा हणमंता?
नदी मोजते, वारा जोखे
ताई ती अभियंता!

हजेरीत हणमंता दोन आहेत. दोघंही स्वतःचं नाव आलं की उभे राहतात.

जे लिहू पाहतायत त्यांच्यासाठी मात्रांबद्दल थोडं. 'अभियंता' सहा मात्रा: अ, भि एकेक, यं, ता दोन-दोन. 'इंजिनिअर'सुद्धा सहाच. म्हणून ओळीच्या मध्ये हे दोन शब्द अदलाबदल करता येतात, शेवटी मात्र नाही, कारण यमक वेगळं. आणि अक्षरं मोजू नका, मात्राच मोजा. आपण लिहितो 'उजनी', तीन अक्षरं, पण मुलं म्हणतात 'उज्-नी'. अक्षर एक गळलं तरी मात्रा चारच राहतात, कारण ज चा भार उ वर पडतो. 'खटखट', 'चादर', 'घागर' सगळ्यांचं तसंच. आठ मात्रांचा ठेका धरला, टाळी प्रत्येक आठाला पडली, की ओळ बसली. कुठे टाळी शब्दाच्या पोटात पडून शब्द अवघडला तर ओळ कागदावर कितीही बरोबर असली तरी मुलं ती अडखळत म्हणतात. मी प्रत्येक ओळ पोळ्या लाटताना म्हणून बघते.

---

फर्मा | शुक्रवार, सकाळी ११:३०

छपाईतला माणूस आहे. थोडक्यात: पानं चारच्या पटीत ठेवा, म्हणजे मध्ये पिन मारता येते. सोळा पानं आणि वर कव्हर, लहान मुलांना पुरे. अक्षर मोठं, ओळींत जागा भरपूर. वेलांट्या आणि रफार वरच्या ओळीत घुसले की मूल दोन ओळी मिसळून वाचतं. कोपरे गोल कापून घ्या.

---

साखरपेठी | शुक्रवार, रात्री ९:१०

धरणाचं राहिलं. सध्या रोज सकाळी घरात एकच विषय, 'उजनी मायनसमध्ये'. काल माझ्या नातीने विचारलं, "आजोबा, पाणी शून्याच्या खाली कसं जातं? शून्य म्हणजे संपलं ना?" मला नीट सांगता आलं नाही.

---

हिप्परगाकाठ | शनिवार, पहाटे ५:५०

हा प्रश्न मला प्रत्येक उन्हाळ्यात येतो, आणि मुलांचा सगळ्यात हुशार प्रश्न हाच असतो.

नातीला एक बादली द्या. बादलीला तळापासून थोडं वर एक भोक पाडा. पाणी भरा. भोकातून धार लागेल, मग कमी होत होत थांबेल. आत पाणी आहे, पण ते आपणहून बाहेर येत नाही. जिथे धार थांबली तिथे खडूने रेघ ओढा आणि लिहा शून्य. उजनीचंही तसंच आहे. शून्याच्या रेघेवरचं पाणी वापरायचं म्हणून धरलेलं, खालचा तो मृतसाठा. धरण भरलं की साधारण ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी), त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त या रेघेच्या खाली. म्हणजे अर्ध्याहून अधिक धरण शून्याखालीच आहे! आता तिला वाटी देऊन म्हणा, रेघेखालचं पाणी काढ. तिला हात घालावा लागेल, वाकावं लागेल, वेळ लागेल. बातम्यांत 'दुबार पंपिंग' म्हणतात ते हेच, एकदा उचलून वर आणायचं आणि तिथून पुन्हा पुढे ढकलायचं.

कडवं दोनदा केलं. आधी शेवटची ओळ 'उजनी आहे राणी' अशी होती. पाणी आणि राणी, किती सोपं! पण ती ओळ काहीच सांगत नव्हती, नुसती जागा भरत होती. काढून टाकली.

पाटाचे ते दार उंच अन्
खाली उरले पाणी,
पंप लावुनी वर ओढे ती
ताई मोठी शाणी.

'शहाणी' नाही बसत, एक मात्रा जास्त होते. 'शाणी' आपल्याकडे सगळे म्हणतातच. बाराखडीताई, चालेल ना?

---

बाराखडी | शनिवार, दुपारी १२:१५

चालेल. वर्गात रोज ऐकते. पुस्तकात खाली बारीक अक्षरांत 'शहाणी' द्या, म्हणजे दोन्ही कळतील.

---

साखरपेठी | शनिवार, रात्री ८:००

बादली केली. नातीने रेघ ओढली आणि वाटीने शेवटच्या थेंबापर्यंत पाणी काढलं. अंगण सगळं ओलं. मग म्हणाली, "पंपाला किती वाकायला लागत असेल!"

---

हिप्परगाकाठ | रविवार, सायं. ७:२०

आज नवीन कडवी घेऊन गेले. पुठ्ठ्याला भोकं पाडून उठला-बसला खेळलो. तीन रांगा झाल्या आणि शेवटी पोरांनी स्वतःच एक पुठ्ठा पाडून आणला. त्यातून फूल निघतं की नाही हे जमिनीवर खडूने काढून बघत होते.

ती मुलगी आज वडिलांना घेऊन आली होती. त्यांनी 'पळतो मधुनी धोटा' ऐकलं, मान डोलावली आणि हळूच म्हणाले, "ताई, हे बरोबर आहे. पण मी आता टॉवेलच्या रॅपिअर मागावर गेलोय. त्याला धोटाच नाही. एक पट्टी आत जाते, दुसरी समोरून येते, मध्ये धागा हातातून हातात देतात." मुलीने लगेच दोन तर्जन्या समोरासमोर आणून एकीकडून दुसरीकडे दोरा दिला. सगळ्या पोरांनी तेच केलं.

आता दोन माग, दोन कडवी. जुना धोट्याचा, नवा पट्टीचा. पण रॅपिअर 'खटखट' करत नाही असं ते म्हणतात, आवाज फार जलद आणि वेगळाच असतो. कसा, ते त्यांना तोंडाने काढता येईना. शनिवारी त्यांच्या कारखान्यात ऐकायला जाते आहे. मालकांनी परवानगी दिली आहे, मुलगी बरोबर येणार आहे. साखरपेठी, तुम्हीही आलात तर बरं होईल. आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून इथे टाकते, मग सगळे मिळून त्याला शब्द शोधू. चार मात्रांत बसणारा हवा.